उपग्रह डोक्यावर आला की क्यूबर का वाढतो? ग्राउंड स्टेशनच्या आरशांतला फेज शोधताना

आधी मांडणी: उपग्रह एकेका फोटॉनच्या ध्रुवीकरणात, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेत, बिट भरून खाली पाठवतो, ग्राउंड स्टेशनची दुर्बीण ते वाचते आणि त्यातून दोघांची गुप्त की, म्हणजे सांकेतिक किल्ली, तयार होते. लक्षण असं. उपग्रह २०-२५ अंश एलेव्हेशनला, म्हणजे क्षितिजापासून तेवढा वर, असतो तेव्हा सगळं ठीक चालतं. फोटॉन कमी येतात, पण जे येतात ते बरोबर येतात. मग उपग्रह वर चढतो, अंतर घटतं, काउंट वाढतात आणि नेमका तेव्हाच क्यूबर, म्हणजे क्वांटम बिट एरर रेट, वर सरकायला लागतो. पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातली एक फेरी, उतरणीला लागला की तो आपोआप खाली येतो. सकाळी टेबलावर लेसर लावून तपासावं तर रिसीव्हर चोख. पुढच्या उंच पासला पुन्हा तेच.

हे दुखणं मी अनेक महिने सोसलंय. म्हणून सुटकेचा रस्ता सविस्तर लिहितोय. सांगायची मुख्य गोष्ट आधीच सांगतो: क्यूबरचा एकच आकडा घड्याळाच्या वेळेसमोर मांडून पाहू नका. बिट ध्रुवीकरणाच्या दोन जोड्यांत भरलेले असतात, एक उभी-आडवी आणि एक ४५ अंशांत तिरकी, आणि अशा जोडीला बेसिस म्हणतात. उभ्या-आडव्या बेसिसची चूक आणि तिरक्या बेसिसची चूक वेगळ्या करा, आणि त्या एलेव्हेशन व अॅझिमथसमोर (क्षितिजावरच्या दिशाकोनासमोर) मांडा. काळासमोर मांडलेला आलेख काहीच बोलत नाही, कारण पासमध्ये सगळंच एकाच वेळी बदलत असतं: अंतर, वातावरणाची जाडी, दुर्बिणीचा वेग, आरशांचे कोन.

हे एवढं मनावर का घ्यायचं?

बीबी८४ या क्वांटम की पाठवायच्या पद्धतीत ११ टक्क्यांच्या आसपास चूक गेली की सुरक्षित की मिळतच नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे ३ टक्के दिसले की माणूस म्हणतो, "आहे अजून भरपूर जागा." तशी ती नसते. आदर्श एरर करेक्शन धरलं तरी १ टक्का चुकीला चाळलेल्या, म्हणजे दोन्हीकडे बेसिस जुळलेल्या, बिटांपैकी सुमारे ८४ टक्के हाती लागतात, ३ टक्क्यांना ६१ आणि ५ टक्क्यांना जेमतेम ४३. शिवाय पास काही मिनिटांचाच असतो. बिटांची संख्या मर्यादित असते, आणि लहान नमुन्याची किंमतही त्यातूनच मोजावी लागते.

वर हे नुकसान होतं ते नेमकं सगळ्यात चांगल्या वेळी. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह २० अंशांवर असताना तिरकं अंतर जवळपास १,१९० किलोमीटर असतं, ३० अंशांवर ९१० आणि डोक्यावर ५००. नुसत्या अंतराच्या वर्गाचा हिशोब धरला तरी डोक्यावरचा सिग्नल २० अंशांच्या तुलनेत साडेपाच पटींहून जास्त. चीनचा मिशियस उपग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये साधारण याच उंचीच्या कक्षेत गेला आणि १,२०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून त्याने की पाठवली. पण पासातली बरीचशी की जवळच्या टप्प्यातच जमते. तोच टप्पा नासला तर रात्र वाया.

आधी नॉइज बाजूला काढा

पहिला संशय सगळे पार्श्वभूमीच्या प्रकाशावर घेतात: चंद्र, शहराचा उजेड, डार्क काउंट, म्हणजे प्रकाश नसतानाही डिटेक्टर देतो त्या खोट्या नोंदी. तपासणी सोपी आहे. सिग्नल नसलेला फोटॉन डिटेक्टरवर पडला तर तो निम्म्या वेळा चुकीचा बिट देतो. समजा टाइम विंडोमध्ये सेकंदाला ३,००० काउंट आहेत आणि त्यातले १२० परके, तर चुकीत भर पडते १२० भागिले ३,००० गुणिले अर्धा, म्हणजे २ टक्के. म्हणून नॉइजची ओळख ठरलेली: काउंट वाढले की चूक कमी झालीच पाहिजे. तुमच्याकडे काउंटही वाढताहेत आणि चूकही वाढतेय, तर चोर दुसराच आहे. चंद्राला बोल लावू नका.

इथे एक कळकळीची विनंती. क्यूबर वाढलेला पाहून, "ट्रॅकिंग निसटत असेल," असं म्हणत पिनहोल, म्हणजे डिटेक्टरपुढचं बारीक छिद्र, मोठं करायचा मोह होतो. पिनहोलचा व्यास दुप्पट केला तर आकाशाचा चौपट तुकडा डिटेक्टरला दिसतो. मूळ दुखणं तिथेच राहतं आणि नॉइजचं नवं दुखणं येऊन बसतं. मग दोन्ही एकमेकांत असे मिसळतात की पुढचा आठवडा त्यातच जातो. आमचा गेला.

टायमिंगचंही दोन ओळीत उरकतो. सिंक, म्हणजे उपग्रहाच्या आणि आपल्या घड्याळांचा मेळ, निसटलं तर चूक हळूहळू चढून उतरत नाही. ती एकदम ५० टक्क्यांकडे झेपावते. तुमचा आलेख घुमटासारखा गोल असेल तर घड्याळाचा दोष नाही.

मग फिरण्याचा हिशोब

उपग्रहाची उभी-आडवी चौकट आणि दुर्बिणीची चौकट यांच्यातला कोन पासभर बदलत राहतो. तो भरून काढायला मोटरवर बसवलेली हाफ-वेव्ह प्लेट, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती, लागते, आणि ती ध्रुवीकरण आपल्या फिरण्याच्या दुप्पट फिरवते, हे विसरून चालत नाही. राहिलेला कोन थीटा असेल तर चूक साइन-वर्ग थीटा. ५ अंश राहिले तर पाऊण टक्का, १० अंश राहिले तर ३ टक्के.

इथले दोष ठरीव आहेत. पहिला म्हणजे चिन्ह उलटं पडणं. प्रत्येक आरसा डावं-उजवं उलटवतो, त्यामुळे मार्गात आरसा एकाने वाढला किंवा घटला की वेव्हप्लेट उलट दिशेने फिरवावी लागते. ऑप्टिक्समध्ये बदल झाला आणि सॉफ्टवेअरमधलं चिन्ह तेच राहिलं, तर कोन भरून निघायच्या जागी दुप्पट होतो. दुसरा म्हणजे मोटर मागे पडणं. अल्ट-अॅझिमथ माउंटवर, म्हणजे वर-खाली आणि आडव्या अशा दोन अक्षांवर फिरणाऱ्या बैठकीवर, हे खस्वस्तिकाजवळ, म्हणजे थेट डोक्यावर, हमखास घडतं. डोक्यावरून जाताना ५०० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा कोनीय वेग सेकंदाला ०.८७ अंश असतो. ८५ अंश एलेव्हेशनला त्यासाठी अॅझिमथ सेकंदाला १० अंशांनी फिरवावा लागतो. चौकटींमधला कोनही तितक्याच झपाट्याने बदलू शकतो. वेव्हप्लेट अर्धा सेकंद मागे राहिली तरी ५ अंश गेले.

पण फिरण्याच्या चुकीची एक खूण कधी खोटी ठरत नाही: ती दोन्ही बेसिसमध्ये सारखीच दिसते. उभा-आडवा ३ टक्के तर तिरकाही ३ टक्के. तुमच्याकडे तसं असेल तर इथेच थांबा, चिन्ह आणि विलंब तपासा, काम झालं.

आमच्याकडे तसं नव्हतं.

चूक एका बेसिसवरून दुसऱ्यावर सरकते तेव्हा

आमच्या दुर्बिणीत प्रकाश नळीतून तिसऱ्या आरशावर येतो, तो त्याला एलेव्हेशनच्या अक्षातून बाहेर काढतो, मग फोर्कवरचा, म्हणजे नळी धरणाऱ्या दुबेळक्यावरचा, चौथा आरसा त्याला खाली रिसीव्हरच्या पेटीत वळवतो. दोन्ही ४५ अंशांत बसवलेले. हे आरसे जुने झाले, चमक उतरली, म्हणून काढून पुन्हा कोटिंग करून आणले. नव्या संरक्षित चांदीच्या कोटिंगमुळे परावर्तन छान वाढलं. पहिल्याच पासला काउंट वर गेलेले पाहून आम्ही सगळे खूश. क्यूबर थोडा चढलेला दिसला, पण त्या आनंदात कुणी फारसं पाहिलं नाही.

मग दर उंच पासला तो दिसायला लागला. आणि विचित्र म्हणजे एका पासला मधल्या मिनिटात तिरका बेसिस बिघडायचा, तर दुसऱ्या पासला उभा-आडवा. कधी एकाच पासमध्ये आधी एक, मग दुसरा. आम्हाला वाटलं, डिटेक्टर गरम होताहेत, एखाद्याची कार्यक्षमता घसरतेय. दोन डिटेक्टरांची अदलाबदल केली. एक ध्रुवीकरण बीम स्प्लिटर, म्हणजे दोन ध्रुवीकरणं वेगळ्या वाटांनी पाठवणारा घटक, बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! बिचारे डिटेक्टर ठणठणीत होते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. धातूच्या आरशावर तिरपा प्रकाश पडला की आपाताच्या प्रतलातला (येणारा आणि परतणारा किरण ज्या पातळीत असतात तिच्यातला) घटक आणि त्याला लंब असलेला घटक वेगवेगळ्या फेजने, म्हणजे लहरी एकमेकींच्या पुढे-मागे सरकून, परततात. आदर्श आरशाच्या तुलनेत हा फरक डेल्टा. साध्या अॅल्युमिनियमवर ४५ अंशांत तो काही अंशांचा असतो. संरक्षक थर चढवलेल्या चांदीत तो थराच्या जाडीवर आणि तरंगलांबीवर अवलंबून राहतो. परावर्तन ९८ टक्के असूनही डेल्टा बराच मोठा असू शकतो. चमक आणि फेज यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला तोवर खऱ्या अर्थाने कळलं नव्हतं.

अशा फेजमुळे रेषीय ध्रुवीकरण लंबवर्तुळाकार होतं. किती होतं, ते येणाऱ्या फोटॉनची दिशा आरशाच्या प्रतलाशी किती कोनात आहे यावर ठरतं. प्रतलाला समांतर किंवा लंब असलेला फोटॉन सुखरूप जातो. ४५ अंशांत असलेल्याला पूर्ण फटका बसतो. हा कोन अल्फा मानला, तर उभ्या-आडव्या बेसिसची चूक साइन-वर्ग दोन-अल्फा गुणिले साइन-वर्ग डेल्टा-अर्धा, आणि तिरक्याची कोसाइन-वर्ग दोन-अल्फा गुणिले तेच. पासभर उपग्रहाची चौकट फिरते, म्हणजे अल्फा बदलतो, म्हणजे चूक एका बेसिसवरून दुसऱ्यावर सरकते. आमची वेव्हप्लेट आरशांच्या नंतर, पेटीत आहे. ती ध्रुवीकरण फिरवू शकते, पण तयार झालेली लंबवर्तुळाकारता तिच्याने पुसली जात नाही.

मात्र वरच्या दोन सूत्रांची बेरीज करून पाहा. अल्फा उडून जातो. उरतो फक्त साइन-वर्ग डेल्टा-अर्धा.

त्या रात्री आम्ही तेच केलं. मागच्या सहा पासांचा डेटा काढला, प्रत्येक सेकंदाची दोन्ही बेसिसची चूक मिळवली आणि ती बेरीज एलेव्हेशनसमोर मांडली. वेळेसमोर मांडलेले सहा पास म्हणजे सहा वेगळ्या टेकड्या होत्या. एलेव्हेशनसमोर मांडल्यावर सगळे ठिपके एका वक्ररेषेवर येऊन बसले. पूर्वेकडून आलेला पास, पश्चिमेचा, चंद्र असलेली रात्र, नसलेली रात्र, सगळे तिथेच. पडद्यावर ती रेषा उमटली तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. पुढचं सगळं उत्तर त्या रेषेत होतं.

वर गेल्यावरच का, तेही भूमितीतून येतं. तिसऱ्या आरशाचं प्रतल नळीबरोबर फिरतं, चौथ्याचं फोर्कवर स्थिर असतं. दुर्बीण क्षितिजाकडे असते तेव्हा ही दोन प्रतलं एकमेकांना काटकोनात येतात: एका आरशाने दिलेला फेज दुसरा काढून घेतो. दुर्बीण खस्वस्तिकाकडे वळली की प्रतलं जुळतात आणि दोघांचे फेज एकमेकांत मिळतात. दोन सारख्या आरशांसाठी एकूण फेज साधारण दोन-डेल्टा गुणिले साइन एलेव्हेशन इतका येतो. डेल्टा १२ अंश धरा. २० अंश एलेव्हेशनला एकूण ८ अंश, चुकांची बेरीज अर्धा टक्का. ४५ अंशांवर १७ अंश आणि २.२ टक्के. डोक्यावर २४ अंश आणि ४.३ टक्के. खालचे पास चांगले आणि वरचे वाईट, हे कोडं इतकं सरळ होतं.

तुमचा रिसीव्हर फोर्कवर नसून खाली जमिनीवरच्या कुडे खोलीत, म्हणजे आरशांनी प्रकाश जिथे उतरवतात त्या स्थिर खोलीत, असेल, तर अशीच आणखी एक जोडी अॅझिमथच्या अक्षाभोवती असते. मग बेरीज अॅझिमथसमोरही मांडा. दर १८० अंशांनी तोच आकार पुन्हा आला तर दोष त्या जोडीत आहे.

ताऱ्यावर पडताळा

डेटावरून निष्कर्ष काढला तरी हात लावण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा हवाच, आणि त्यासाठी उपग्रहाची वाट पाहायची गरज नाही. ताऱ्यांचा प्रकाश जवळजवळ अध्रुवित असतो. दुर्बिणीच्या तोंडावर काळा पुठ्ठा बसवा, त्यात ५० मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि छिद्रावर तुमच्या तरंगलांबीला चालणारा ध्रुवीकारक लावा. तरंगलांबीची अट नीट पाहा: बाजारातली साधी पोलरॉइड फिल्म ८५० नॅनोमीटरला जवळपास काहीच अडवत नाही. एवढ्याशा छिद्रातूनही ठळक ताऱ्याचे काउंट हजारांच्या घरात मिळतात आणि डिटेक्टर दबत नाही. अभिजित, व्याध, चित्रा उत्तम. लालसर तारे, म्हणजे स्वाती आणि काक्षी, या तरंगलांबीला आणखी सोयीचे. ध्रुवतारा जागचा हलत नाही म्हणून हात तिकडे जातो, पण इथे एलेव्हेशन बदलणं हाच तर मुद्दा आहे.

आता वेव्हप्लेट सावकाश फिरवा आणि एका डिटेक्टरचे काउंट किमान होतील तिथे थांबा. दोष नुसत्या फिरण्याचा असेल तर ते जवळपास शून्यावर जातात. फेजचा असेल तर कितीही फिरवलं तरी तळाशी काहीतरी उरतं. त्या उरलेल्या भागाचं एकूण काउंटांशी असलेलं प्रमाण टिपा. मग ध्रुवीकारक ४५ अंशांनी फिरवून पुन्हा तेच करा. दोन्ही प्रमाणांची बेरीज घ्या, तारा बदला, वेगळ्या एलेव्हेशनला जा. आमचे ताऱ्यांचे ठिपके उपग्रहाच्या त्याच वक्ररेषेवर पडले. चाचणी बिनचंद्राच्या रात्री करा. चांदण्याने उजळलेलं आकाश स्वतःच ध्रुवित असतं आणि चंद्रापासून ९० अंशांवर ते सर्वाधिक असतं.

ही चाचणी आणखी एक दोष पकडते. एलेव्हेशन कुठलंही असो, तळाशी तेवढंच उरत असेल तर फेज फिरत्या आरशांत नाही, पेटीत आहे. आम्हाला तसा थोडासा भागही सापडला होता. बीकन (ट्रॅकिंगसाठीचा खुणेचा लेसर) वेगळा करणाऱ्या डायक्रोइकची, म्हणजे रंगानुसार प्रकाश विभागणाऱ्या काचेची, धरून ठेवणारी रिंग कुणीतरी, बहुधा मीच, घट्ट आवळली होती. थंडीत धातू आकसला की काचेवर ताण यायचा आणि ताण आला की काच द्विअपवर्तनी व्हायची, म्हणजे तीही दोन घटकांत फेज-फरक घालायची. बोटांनी रिंग किंचित सैल केली, इतकीच की काच खुळखुळणार नाही पण दबणारही नाही. तळचे काउंट पडद्यावर डोळ्यांदेखत खाली आले.

उपाय

पेटीतला स्थिर फेज काढायला डायक्रोइकच्या मागे क्वार्टर-हाफ-क्वार्टर अशा तीन प्लेटा पुरतात. एकदा जुळवायच्या आणि कुलूप लावायचं. आरशांचा बदलता फेज काढायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, त्याच तीन प्लेटा मोटरवर बसवून एलेव्हेशननुसार तक्त्यातून फिरवायच्या. आरसे काढावे लागत नाहीत, म्हणून आकर्षक वाटतो. मला तो आवडत नाही. हलणारे भाग वाढतात, तक्ता जुना होतो, आणि खस्वस्तिकाजवळ आधीच धापा टाकणाऱ्या मोटरांवर आणखी ओझं पडतं. दुसरा, प्रत्येक आरशाचा फेज जागच्या जागीच मारायचा: तिसऱ्या आरशालगत नळीबरोबर फिरणारी आणि चौथ्यालगत फोर्कवर स्थिर असणारी, उलट्या फेजची पातळ प्लेट. फेज मुळाशीच संपला तर एलेव्हेशन काहीही असो, फरक पडत नाही. आम्ही तात्पुरतं हेच केलं आणि उंच पास पुन्हा खालच्या पासांइतके स्वच्छ झाले. तिसरा, कामाच्या तरंगलांबीला डेल्टा शून्याजवळ राहील असं कोटिंगच करून घ्यायचं. कायमचा उपाय हाच. लहान दुर्बीण असेल तर रिसीव्हर थेट नळीच्या पाठीवर बसवा. वळणारे आरसेच नाहीत तर प्रश्नच नाही.

मल्टिमोड फायबर वापरत असाल तर ध्रुवीकरणाचं विश्लेषण फायबरच्या आधी झालंय याची खात्री करा. असा फायबर ध्रुवीकरण जपत नाही, आणि वरची एकही चाचणी मग लागू पडत नाही.

कोटिंगची पुढची ऑर्डर देताना आम्ही फक्त परावर्तनाचा टक्का लिहिला नाही. ८५० नॅनोमीटर, ४५ अंश आपात, दोन घटकांतला फेज-फरक आदर्श आरशापासून २ अंशांच्या आत, दोन्ही आरसे एकाच घाण्यात, आणि सोबत साक्षीदार तुकड्यावर, म्हणजे आरशांबरोबरच कोटिंग केलेल्या नमुन्याच्या काचेवर, मोजलेला फेजचा आलेख, असं स्पष्ट लिहिलं. आरसे परत आले तेव्हा ते बसवायच्या आधी साक्षीदार तुकडा आम्ही टेबलावर ४५ अंशांत धरून स्वतः मोजला. ५० मिलिमीटर छिद्राचा तो पुठ्ठा आता घुमटातच खुंटीला टांगलेला असतो, आणि ऑप्टिक्सला कुणीही हात लावला की पहिल्या पासाआधी दोन ताऱ्यांवर तो चढतो.